नाव घातलेली भांडी

त्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी पडवीत बसून चिंचेनं परात घासत होते आणि काठावरचं माझं नाव कसं लखलखतंय ते मान तिरकी करून न्याहाळत होते. ‘सौ. सुलोचना वामन हावळे’. कासारानं छिन्नीनं ठोक्याठोक्यानं उमटवलेली अक्षरं. शेवटच्या ‘ळे’ची मात्रा जरा लांब गेली होती आणि ती मला फार आवडायची.

“वामनराव आहेत का?” बाईंनी विचारलं.

हे वर्कशॉपला गेलेत, भोंगा झाल्याशिवाय यायचे नाहीत, असं मी सांगितलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघत सासूबाईंची चौकशी केली. त्या बाजाराला गेल्यात म्हटल्यावर बाईंनी चपला काढल्या. आधी काढल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं, आणि त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

कुर्डुवाडीला आमचं रेल्वेचं क्वार्टर होतं. जंक्शनचं गाव, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधल्या वेळात डोकावून जाणारे पाहुणे आम्हाला नवे नव्हते. या बाई साठीच्या असाव्यात. कपाळ मोकळं, अंगावर विटकं निळं लुगडं, हातात कापडी पिशवी. मी येडशीची, नात्यातलीच, असं त्या म्हणाल्या. कुणाच्या नात्यातली ते मी विचारलं नाही. लग्नाला चार-पाच महिनेच झाले होते. सासरच्या नात्यांचा गुंता अजून मला उलगडला नव्हता, आणि विचारावं तर आपलंच अज्ञान उघडं पडायचं.

मी पाणी आणलं. तांब्या-भांडं त्यांच्यापुढे ठेवताना तांब्यावरचं नाव त्यांच्याकडे येईल असा तो फिरवून ठेवला. ती माझी सवयच झाली होती.

“तुला काय म्हणतात, बाळ?”

“सुलोचना.”

भांड्याकडे गेलेला त्यांचा हात मागं आला. 

“माहेरचंच नाव?”

“नाही, इथलं. ह्यांनी ठेवलं.”

“आणि माहेरचं?”

“होतं काहीतरी,” मी हसून म्हणाले आणि विषय बदलावा म्हणून चहाचं आधण ठेवायला उठले.

होतं काहीतरी, म्हणजे धोंडी. माझ्या आईची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरी मी झाले तेव्हा कुणाची नजर लागू नये, ह्या पोरीला न्यावंसं कुणाला वाटू नये, म्हणून माझं नाव धोंडी ठेवलं. मी जगले, पण नाव काही सुटलं नाही. शाळेत मास्तर हजेरीला ‘धोंडूबाई’ म्हणाले की मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच जमिनीवर दगड आपटायचं. घरात कुणी हाक मारली तर मी ओ देत नसे. आई तीन-तीन हाका मारून दमायची आणि मग पाठीत धपाटा घालायची. सातवी झाले, शिवण शिकले, दिसायला चारचौघींसारखी होते. पण नाव विचारलं की मान खाली जायची. मुलगी बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी तर ते ऐकून तोंडाला रुमाल लावला होता.

मामानं हे स्थळ आणलं तेव्हा बीजवर म्हणून आईचं मन कचरलं. पहिली बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं, मागं कुणी नाही, नोकरी रेल्वेची. मामानं एवढंच सांगितलं आणि पुढे कुणी विचारलं नाही. गेलेल्या बाईचं नाव कोण कशाला विचारतं? मला विचाराल तर बीजवरपणापेक्षा लग्नात नाव बदलतात ह्याचंच मला जास्त अप्रूप होतं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, ह्यांच्या हातात अंगठी दिली आणि नाव लिहा म्हणाले. ह्यांनी ‘सु’ काढला आणि हात थांबला. करवल्या हसल्या, नवरदेव लाजला म्हणाल्या. सासूबाई मागून म्हणाल्या, “लिही की.” मग ह्यांनी पुढची अक्षरं काढली. मी पदराआडून ती उलटी वाचली, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवला तर मांडणीवर तांबे, पातेली, डबे, घागर, सगळ्यांवर तेच नाव. सौ. सुलोचना वामन हावळे.

माझ्या माहेरी भांड्यांवर आमची नावं नव्हती. होती ती दुसऱ्यांची, आहेरात आलेली. इथं मी यायच्या आधीच माझ्या नावानं अख्खं स्वयंपाकघर सजवून ठेवलेलं. पितळ वापरलेलं आहे हे मला दिसत होतं, पण नाव मागाहून घातलं असेल असं मी धरून चालले. माणसाला धरून चालायचं असलं की पितळाचा रंगही आड येत नाही. आईला मी चार पानी पत्र लिहिलं आणि त्यातलं दीड पान भांड्यांचं होतं. आईनं ते पत्र गल्लीत वाचून दाखवलं असं मागाहून कळलं.

तर मी चहा केला, आणि चहा उकळेपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. एरवी सासूबाईंपुढे तोंड उघडायची चोरी. त्या दिवशी ऐकणारं माणूस घरी चालून आलेलं. मी त्यांना मांडणीपुढेच पाट दिला.

“ही सगळी भांडी माझ्या नावाची आहेत,” मी म्हणाले. “मी यायच्या आधीच ह्यांनी नावं घालून ठेवली होती. एक वाटीसुद्धा सोडली नाही.”

बाईंची नजर तांब्यावरून हलली नाही. मला वाटलं त्यांना खरं वाटत नाही. म्हणून मी एकेक खाली काढून दाखवू लागले. हा पिठाचा डबा, ही घागर, ही डाळीची पातेली. सासूबाईंबद्दलचं एक गाऱ्हाणंही सांगून टाकलं: मी रात्री भांडी नाव पुढे करून लावते आणि सकाळी बघावं तर सगळी भिंतीकडे तोंड करून उभी. सुनेचं नाव दिसलेलं सासूला रुचत नाही, दुसरं काय. हे सांगताना मी हसले, आणि त्यांनीही हसावं म्हणून थांबले.

बाईंनी तांब्या मांडीवर घेतला होता. पाणी अजून प्यायल्या नव्हत्या. त्यांचा अंगठा तांब्याच्या गळ्याखाली फिरत होता, बरोबर अक्षरांवरून.

“मला वाचता येत नाही,” त्या म्हणाल्या. “काय लिहिलंय, वाच बघू.”

मी वाचलं. “सौभाग्यवती सुलोचना वामन हावळे.”

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. शाळेत धडा वाचावा तसं, एकेक शब्द सुटा करून. मला वाटलं म्हाताऱ्या बाईला कौतुक वाटतंय. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“छान घातलंय नाव,” त्या म्हणाल्या. मग तांब्या उचलून त्या वरूनच पाणी प्यायल्या, सगळं, एका दमात, आणि रिकामा तांब्या त्यांनी पुन्हा मांडीवर ठेवला. “एक मागायचं होतं बाळ, म्हणून आले होते.”

“काय?”

त्यांनी तांब्याकडे बघितलं, मांडणीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी हातात घागर धरून उभी होते आणि माझा चेहरा कसा दिसत असेल हे मला आज चांगलं ठाऊक आहे.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुझा संसार चांगला होऊ दे.”

मला वाटलं नात्यातली गरीब बाई, काही जुनं लुगडं-पातळ मागायला आली असेल आणि नव्या सुनेपुढे जीभ रेटली नसेल. म्हणून मी आतून गूळ-शेंगदाण्याची पुडी आणली आणि मोठेपणानं त्यांच्या पिशवीत घातली. पिशवी रिकामीच होती. आत फक्त एक धुतलेलं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. त्यांनी तांब्या जमिनीवर ठेवला, तोही सावकाश, आवाज होऊ न देता. मी पाया पडले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. बार्शीकडची गाडी तासाभरानं होती, पण स्टेशनवरच बसते म्हणाल्या आणि गेल्या.

मी तांब्या पुन्हा घासून मांडणीवर लावला. नाव पुढे करून.

थोड्याच वेळात सासूबाई बाजारातून आल्या. त्या ओझं खाली ठेवत असतानाच मी त्यांना पाहुण्या आल्याचं सांगितलं.

“येडशीची?” त्या म्हणाल्या. “निळं लुगडं? काय नेलं तिनं?”

“काही नाही. मी गूळ-शेंगदाणे दिले. कोण होत्या त्या?”

“कोण म्हणजे? वाम्याची सासू. सुलीची आई.”

“कोण सुली?”

सासूबाई वांगी टोपलीत ओतत होत्या, त्या थांबल्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर मला काहीतरी चुकल्यासारखं दिसलं.

“सुलोचना गं,” त्या म्हणाल्या. “पहिली. तुझ्या मामाला सांगितलं होतं की मी.”

मामानं मला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं असेल तर आईनं सांगितलं नव्हतं. मी मांडणीकडे बघितलं. सगळी भांडी माझ्याकडे तोंड करून उभी होती.

“म्हणजे ही भांडी…”

“तिचीच. येडशीहून तिच्या आईनं दिली लग्नात, नावं घालून. ऐपत नव्हती बाईची, पण लेकीला द्यायचं म्हणून दिलं सगळं.” सासूबाई पुन्हा वांग्यांना लागल्या. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्या घरखर्चाचं बोलावं तसं बोलत होत्या. “जोडच्या जोड भांडी, नवी कोरी. मोडीत घालावीत तर घटीत पैसा जातो. नाव खरडून काढावं तर भांडं पातळ होतं. आणि नवी आणायची तर पैसा कुणी द्यायचा? माणसाचं नाव बदलायला काय लागतं? मूठभर तांदूळ. म्हटलं, येईल तिचं हेच नाव ठेवू. तुलाही आवडलं होतं की.”

मला आवडलं होतं.

“नि ती बया कशाला आली ते मला ठाऊक आहे,” त्या पुढे म्हणाल्या. “दिवसकार्य झालं तेव्हाही मागत होती. एक तांब्या द्या, लेकीच्या नावाचा, रोज पाणी पिईन म्हणाली. म्हटलं, जोड कशी फोडायची? आणि तांब्या घेऊन लेक परत येणार आहे का? वाम्या त्या दिवशी जेवला नाही. तेव्हापासून ह्या भांड्यांकडे बघत नाही तो. सकाळी उठला की सगळी भिंतीकडे फिरवून ठेवतो.”

“तुम्ही नाही फिरवत?”

“मी कशाला फिरवू? मला काय तेवढाच उद्योग आहे?”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय असतं, हे मला तेव्हा कळलं. एकेक आठवायला लागलं आणि जे आठवेल त्यानं मान आणखी खाली जायला लागली. शेजारच्या पिंगळेकाकूंकडे लाडवांचा डबा घेऊन गेले होते, नाव वर करून. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि गडबडीनं लाडू काढून घेऊन डबा परत दिला. मला वाटलं होतं, जळतात. नळावर मी घागर फिरवून ठेवायचे तेव्हा बायकांची बोलणी थांबायची. मला वाटलं होतं, दबतात. साऱ्या क्वार्टर्सना ठाऊक होतं. त्यांनी सुलीला त्याच घागरीनं पाणी भरताना पाहिलं होतं. आणि मी त्यांच्यापुढे, तीच घागर कमरेवर घेऊन, हे माझं नाव म्हणून मिरवत होते. एकीनंही मला सांगितलं नाही. आज वाटतं, काय सांगणार होत्या बिचाऱ्या?

आणि हे. चार-पाच महिन्यांत ह्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. ‘अगं’ म्हणायचे, ‘ऐकलंस का’ म्हणायचे, कधी नुसतं खाकरायचे. जुन्या वळणाचे आहेत म्हणून मी मनातल्या मनात कौतुक केलं होतं. ‘सु’ काढून थांबलेला तो हात लाजेचा नव्हता, हे आता कळत होतं.

पण ह्या सगळ्याच्या वर त्या बाईंचा अंगठा आठवत होता. मी एका आईला तिच्या गेलेल्या लेकीचं नाव वाचून दाखवलं होतं, दोनदा, आणि हे माझं आहे म्हणून सांगितलं होतं. ज्या भांड्यांसाठी तिनं पोटाला चिमटा घेतला, ती एकेक खाली काढून तिलाच दाखवली होती. ती मागायला आली ते माझ्या बढाईपुढे तिला मागता आलं नाही. मी वर तिला शेंगदाणे दिले. मला त्या क्षणी कुठंतरी तोंड लपवावंसं वाटत होतं, आणि त्या घरात लपायला जागा म्हणजे स्वयंपाकघर. तिथं तर सगळीकडे तीच होती.

मी तांब्या उचलला.

“कुठं निघालीस?” सासूबाई म्हणाल्या.

मी तशीच बाहेर पडले. पायात चप्पल नव्हती, पदर कुठं होता देव जाणे. क्वार्टर्सच्या दोन्ही बाजूंनी बायका ओट्यांवर बसल्या होत्या. हावळ्यांची नवी सून तांब्या घेऊन भर दुपारी पळत सुटलेली बघून त्यांना काय वाटलं असेल याचा विचार करायला मला फुरसत नव्हती. त्याचीही लाज वाटलीच, पण ती आधीच्या लाजेपुढे फार लहान होती.

बार्शीकडच्या छोट्या गाडीचा फलाट स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला होता. गाडी लागली होती. इंजिन सुसकारे टाकत होतं. मी एकेक डबा बघत पुढे गेले. बायकांच्या डब्यात खिडकीशी त्या बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी खिडकीच्या गजातून तांब्या पुढे केला, पण गजांतून तो जाईना. मग दारातून आत चढले आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. मला धाप लागली होती.

त्यांनी तांब्या बघितला. हात पुढे केला नाही.

“सासूला विचारलंस?”

“नाही.”

“मग नको. तुझ्या घरातली वस्तू आहे. तुझं नाव आहे बाळ त्याच्यावर.”

त्या हे मनापासून म्हणत होत्या. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मला त्यांना सांगायचं होतं की मला ठाऊक नव्हतं, मला कुणी सांगितलं नाही, मी मूर्ख आहे. त्यातलं काही तोंडातून फुटेना. डब्यात बायका होत्या, पोरं होती. समोरच्या बाकावर कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली होत्या. सगळ्या आमच्याकडे बघत होत्या.

“माझं नाही ते,” मी म्हणाले. “माझं नाव धोंडी.”

मोठ्यांदा म्हणाले असणार, कारण समोरच्या मुलींपैकी एक फिस्सकन हसली आणि दुसरीनं तिला कोपर मारलं. इतक्या वर्षांत ते नाव मी आपण होऊन कुणाला सांगितलं नव्हतं. माझे कान तापले होते. तांब्या धरलेला हात मी तसाच पुढे धरून ठेवला.

येडशीच्या आई हसल्या नाहीत.

“कुणी ठेवलं?”

“आईनं. माझ्या आधीचे दोघे गेले म्हणून.”

त्यांनी मान हलवली. मग पिशवीतलं ते धुतलेलं फडकं काढलं आणि मांडीवर उलगडलं.

“तुझ्या आईनं तू जगावीस म्हणून नाव ठेवलं,” त्या म्हणाल्या. “मी देखणं ठेवलं.”

त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला. फडक्यात ठेवला. मग गाठ मारायच्या आधी एकदा अक्षरांवरून अंगठा फिरवला, आणि मग बांधला, घट्ट, तान्ह्या पोराला दुपट्यात बांधतात तसा. गार्डाची शिट्टी झाली. मी खाली उतरले. गाडी हलली तशी त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “धोंडे, दिवाळीला येडशीला ये. माहेरपणाला ये.” मला हो म्हणायचं होतं, पण तोवर गाडी पुढे गेली. फलाटावर वर्कशॉपातले दोघेतिघे चहाला आलेले उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

घरी आले तेव्हा सासूबाई दारातच बसल्या होत्या. जोड फोडलीस, म्हणाल्या. मग पुष्कळ काही म्हणाल्या. त्यातलं बरंचसं खरंच होतं; न विचारता घरातली वस्तू दिली हे तर खरंच होतं. मी मुकाट्यानं वांगी चिरत राहिले. मान वर करावीशी वाटत नव्हती, कारण समोर मांडणी होती आणि तांब्याच्या जागी मोकळी फळी.

भोंगा झाला आणि हे आले. पाय धुऊन आत आले, आणि मांडणीपुढे उभे राहिले. मी सकाळपासून नावं पुढे करून लावलेली भांडी तशीच होती. ह्यांनी ती मोकळी जागा बघितली. सासूबाईंनी सुरुवात केली, तुझ्या बायकोनं काय केलं बघ म्हणून, पण ह्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणजे वर्कशॉपात बातमी पोचली होती. काय काय पोचलं होतं कुणास ठाऊक. मी विळीवरून नजर काढली नाही. बायको पदर न घेता स्टेशनवर पळत गेली, डब्यात चढली, माणसांत स्वतःचं असलं नाव सांगून हसं करून घेतलं. ह्यांना खाली बघावं लागलं असणार असं मी धरून चालले होते.

“गाडी मिळाली त्यांना?” ह्यांनी विचारलं.

“मिळाली.”

“आणि तांब्या?”

“घेतला.”

माझ्याकडे त्यांची पाठ होती. मग त्यांनी घागर भिंतीकडे फिरवायला हात लावला, आणि न फिरवताच काढून घेतला. चहा उतू जाईल म्हणून सासूबाई चुलीकडे वळल्या. हे पाटावर बसले. मी वांग्याच्या फोडी पाण्यात टाकत होते.

“धोंडे,” हे म्हणाले, “पाणी दे जरा.”

मी ओ दिली.